तक्ता रिकामा कोणी करायचा

मला त्या खोलीची किळस आहे असं म्हटलं की लोकांना वाटतं मी यंत्राबद्दल बोलतेय. यंत्रानं माझं काही वाईट केलं नाही. ते तापायचं, अधूनमधून बंद पडायचं, त्याच्या दिव्यांचा जळका वास माझ्या साडीला लागायचा आणि घरी गेले की आई विचारायची, ऑफिसात जातेस की भट्टीवर. पण ते खोटं बोलत नसे. खोटारडी, ढोंगी आणि भित्री होतो ती आम्ही माणसं, आणि त्यांत मी मागे नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीनं स्वतःला सोडून सगळ्यांना झोडपलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. मी ठाकूरद्वारला आईवडिलांकडे राहायची. गणित घेऊन बी.एस्सी. झाले, पहिला वर्ग मिळाला, आणि फोर्टातल्या एका संस्थेच्या गणन विभागात नोकरी लागली. आधी आम्ही हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रांवर गुणाकार-भागाकार करायचो. मग संस्थेनं तळमजल्यावर एक मोठं विजेचं गणकयंत्र बसवलं, अख्खी खोली भरून. तसलं यंत्र पाहिलेली माणसं तेव्हा मुंबईत बोटांवर मोजण्याइतकी असतील. आमच्या वाडीत बायका माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, ही आपली यंत्रवाली. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू.

यंत्राला आकडे लक्षात ठेवायला एक हजार चोवीस घरं होती. एका घरात एक आकडा. प्रोग्रॅम, म्हणजे यंत्रानं काय काय करायचं त्या सूचना, त्याही ह्याच घरांत बसायच्या. आता तीस समीकरणांचा तक्ता घेतला तर तीस गुणिले तीस, नऊशे घरं तिथेच गेली. उजव्या बाजूचे तीस आकडे धरले की नऊशे तीस. उरल्या जागेत प्रोग्रॅम कोंबायचा. म्हणून मोठं गणित दोन भागांत करायचं. पहिल्या तक्त्याचं काम झालं की उत्तरं कागदावर छापून घ्यायची, मग तक्ता रिकामा करायचा, म्हणजे त्या सगळ्या घरांत शून्य भरायचं, आणि दुसरा तक्ता त्याच घरांत उभा करायचा. शून्य भरायचं राहिलं तर जुने आकडे तिथेच ठाण मांडून बसतात आणि नव्यांच्या बेरजेत मिसळतात. एवढंच ते शास्त्र. आमटीचं पातेलं विसळल्याशिवाय त्यात खीर करू नये, हे अंगठाबहाद्दर बाईलाही कळतं.

रिकामं करण्यासाठी कागदाची एक वीतभर फीत होती, भोकं पाडलेली. त्या भोकांत फक्त आठ सूचना होत्या. प्रोग्रॅम मध्येच थांबायचा, लाल दिवा लागायचा, कोणीतरी उठून ती फीत यंत्रात सरकवायची, घरं रिकामी झाली की पुढचं बटण दाबायचं. मिनिटभराचंही काम नाही. आणि आमच्या विभागात हे काम कुठल्याही सवाष्णीनं किंवा लग्नाच्या मुलीनं करायचं नाही, पुरुषानं तर नाहीच नाही, असा नियम होता. कागदावर नव्हता तो. आमच्याकडचे खरे नियम कागदावर असतात कधी?

तो नियम कसा झाला ते ऐका. खंडेनवमीला सगळ्यांनी हट्ट धरला की यंत्राची पूजा करायची. आमचे साहेब विलायतेहून शिकून आलेले, विभागाचे प्रमुख. ते म्हणाले, "स्टाफच्या भावना जपाव्या लागतात," आणि नारळ फोडायला स्वतः पुढे झाले. बटणांवर हळदकुंकू, वर झेंडूची माळ, उदबत्तीची राख फितीच्या खाचेत, आणि कोणीतरी अतिभाविकानं पेढा यंत्राच्या आडव्या पट्टीवर चिकटवून ठेवलेला. आठ दिवस मुंग्या निघत होत्या. मी केसातल्या आकड्यानं ती खाच साफ केली. कुंकू, राख, पेढ्याचा चिकटा आणि मेलेल्या मुंग्या, शी, अजून आठवलं की बोटं धुवावीशी वाटतात.

त्याच आठवड्यात वहिनींनी एक मोठा तक्ता रिकामा केला. वहिनी म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई, गिरगावातल्याच, चार मुलांची आई; सगळं ऑफिस त्यांना वहिनी म्हणायचं. त्या संध्याकाळी त्यांचे यजमान ट्राममधून उतरताना पडले आणि पाय मोडला. झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. वहिनींनी ठरवूनच टाकलं की पूजा केलेलं भरलं यंत्र आपल्या हातानं रिकामं केलं, त्याचं हे फळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. "नऊशे घरं भरलेली असतात गं, आणि आपण त्यात शून्य घालायचं. सवाष्णीनं करायची का ही कामं?" गणितातल्या पदव्या घेतलेल्या सहा जणी होतो आम्ही. सहाच्या सहा जणींनी माना हलवल्या. पुरुष हसले, पण त्यांतल्याही एकानं त्यानंतर फितीला हात लावला नाही. सहा महिने एक म्हातारा, बायको गेलेला चपराशी ती सरकवायचा, आणि तोही आधी चपला काढायचा.

मग ताई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या, पुढचं लग्नामुळे राहिलेलं. नवरा परळच्या एका गिरणीत कारकून होता, तो विषमज्वरानं गेला. त्या परळला दिराच्या खोलीत राहायच्या. नऊ वर्षांची मुलगी मालवणकडच्या गावी, सासूबाईंपाशी. जाऊबाईंनी सांगूनच टाकलं होतं, तुम्ही राहा, पण पोरीला इथं जागा नाही. आमच्या संस्थेच्या वरळीच्या एका चाळीत काही खोल्या होत्या आणि नोकरीत कायम झालेल्यांना त्या मिळायच्या. ताईंची कच्ची नोकरी त्या चैत्रात दोन वर्षांची होणार होती. कायम झाल्या की खोली, खोली मिळाली की मुलगी. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नसायचंच. मुलीसाठी शाळासुद्धा पाहून ठेवली होती, आणि शाळेत जाताना रस्ता किती वेळा ओलांडावा लागेल तेही मोजून आल्या होत्या.

त्या आल्या त्याच दिवशी दुपारी लाल दिवा लागला. चपराशी जागेवर नव्हता. वहिनी तिथूनच म्हणाल्या, "ताईंना करू दे. त्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलंय."

हे त्यांच्या तोंडावर. कोपऱ्यात नाही, कुजबुजून नाही. त्यांचं कपाळ मोकळं होतं, सगळ्यांना दिसत होतं, आणि वहिनींनी त्या मोकळ्या कपाळाला लगेच काम लावलं. ताईंनी एकदा वहिनींकडे पाहिलं, उठल्या, फीत सरकवली, जागेवर येऊन बसल्या. तेव्हापासून फीत त्यांच्याकडेच. प्रोग्रॅम कोणाचाही असो, दिवा लागला की हाक जायची, "ताई." त्यांचं स्वतःचं काम खिडकीजवळच्या टेबलावर असायचं, ते सोडून दिवसातून सात-आठ वेळा यायच्या. मीही हाक मारायची. मी जरा गोड आवाजात मारायची, एवढाच माझा चांगुलपणा.

आणि डब्याच्या वेळी काय भाषणं व्हायची आमच्यात. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, अन्याय सहन करणार नाही, मराठी माणूस आता जागा झाला. वहिनी तर मोर्च्यात जाऊन आल्या होत्या आणि लाठीचा वळ दंडावर दाखवायच्या. खरा होता तो वळ, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तोंडातला घास संपायच्या आत दिवा लागायचा आणि त्याच वहिनी ओरडायच्या, "ताई, तुमचं काम आलं." आमचा जागा झालेला मराठी माणूस तेवढ्यापुरता पुन्हा झोपायचा. मला तेव्हा हे दिसत नव्हतं असंही नाही. दिसत होतं आणि मी भाकरी मोडत होते.

ताई हुशार होत्या, आमच्यापेक्षा जास्तच. एकदा माझा प्रोग्रॅम हातात घेऊन त्यांनी वाचला. तो एका बंधाऱ्याच्या भिंतीवर पाण्याचा दाब किती येईल त्याचा होता. तीस समीकरणांचा एक तक्ता, मग दुसरा तक्ता, दोन्ही त्याच घरांत. त्या म्हणाल्या, "छान बसवलंयस गं. पण रिकामं करायच्या आठ सूचना प्रोग्रॅममध्येच का नाही घालत? यंत्र थांबणार नाही, कोणाला उठावं लागणार नाही."

"जागा नाही ताई," मी म्हटलं.

जागा होती. तक्त्याची नऊशे तीस, माझ्या प्रोग्रॅमची त्र्याऐंशी, एकूण एक हजार तेरा. अकरा घरं उरत होती आणि हव्या होत्या आठ. पण वहिनींच्या शास्त्रात त्याचाही निकाल लागलेला होता. प्रोग्रॅमनं आपणहून रिकामं केलं तर दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला. म्हणून आमच्या विभागातले सगळे प्रोग्रॅम तिथे येऊन थांबायचे आणि ताईंची वाट पाहायचे. माझं तर नुकतंच लग्न ठरलं होतं. साखरपुडा झालेला, वैशाखातली तिथी काढलेली. माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, अजिबात नव्हता, पण उगाच कशाला, असं एक वाक्य आपल्याकडे सगळ्या शिकलेल्या माणसांपाशी असतं. ते माझ्यापाशीही होतं.

फाल्गुनात एक दिवस बंद पुकारला गेला. ट्रामा नाहीत, दुकानं नाहीत. मी ठाकूरद्वारहून चालत फोर्टात पोचले, वहिनीही चालत आल्या. यंत्र चालवणारा ऑपरेटर लालबागचा मालवणी माणूस, तो आदल्या दिवशी घरी गेलाच नव्हता, तिथेच बाकड्यावर झोपला होता. त्यानं बाहेर रस्त्यावर ऐकून येऊन सांगितलं की लालबाग-परळला सकाळपासून अश्रुधूर चाललाय, पोलीस कोणाला रस्त्यावर येऊ देत नाहीत. म्हणजे ताई येणं शक्यच नव्हतं. चपराशीही आला नव्हता. आणि साहेब गाडीतून उतरून थेट आमच्याकडे आले, बंधाऱ्याचे आकडे दुपारपर्यंत हवेत, इंजिनियरांचा माणूस न्यायला येणार आहे, एवढं बोलून वर निघून गेले.

मी प्रोग्रॅम लावला. पहिला तक्ता सुरळीत झाला, उत्तरं छापून आली, आणि लाल दिवा लागला. सवयीनं मी मान वळवून हाकसुद्धा मारणार होते. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

फीत पुढ्यातच खिळ्याला टांगलेली. मी हात पुढे केला, तर वहिनींनी मनगट धरलं. "तू नको गं. दीड महिन्यावर लग्न आलंय तुझं. काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"मग तुम्ही लावा."

"मी? एकदा लावली ते पुरे झालं मला."

मी ऑपरेटरला म्हटलं, तुम्ही लावा. त्यानं चक्क दोन पावलं मागे घेतली. "बाय, माझी बायल गुरवार आसा. माका ह्या काम सांगू नकात." त्याची बायको पोटुशी होती, म्हणून तोही नाही. अहाहा. मुंबईतल्या सगळ्यात आधुनिक खोलीत आम्ही तिघं धडधाकट माणसं वीतभर कागदाच्या पट्टीसमोर उभी होतो, आणि एकाच्याही अंगात ती उचलायची हिंमत नव्हती.  तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती: आज नेमकी आपली विधवा नाही. बोललं कोणी नाही. पण मी माझ्यापुरतं तरी शपथेवर सांगते, माझ्या मनात हेच शब्द होते.

वहिनींनी मग तोडगा काढला. "वरून नवे आकडे येणारच ना? जुने जातीलच की झाकून."

बऱ्याच घरांच्या बाबतीत ते खरं होतं. पण काही घरांत दुसऱ्या भागात नुसता आकडा मांडला जात नव्हता, आधीच्यात मिळवला जात होता. तिथे शून्यापासूनच सुरुवात व्हायला हवी होती. हे वहिनींना ठाऊक नव्हतं, ऑपरेटरला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. प्रोग्रॅम माझा होता, प्रत्येक घर मी माझ्या हातानं आखलं होतं. मी म्हटलं, "हो, जातील झाकून," आणि पुढचं बटण दाबलं.

आठ दिवसांनी बंधाऱ्याचे इंजिनियर कागदांची गुंडाळी घेऊन आले. ते चिडले नव्हते, हसत होते, ते जास्त वाईट. साहेबांना म्हणाले, "तुमच्या यंत्राच्या मते पाणी आमच्या भिंतीला ढकलत नाही, भिंतच पाण्याला ढकलते. आम्ही आता बंधारा बांधू की भिंतीला आवरू?" साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी ह्या यंत्रासाठी वरच्या लोकांपुढे दोन वर्षं पदर पसरला होता. त्यांना कोणीतरी हवं होतं.

दुपारी त्यांनी आम्हाला वर बोलावलं, वहिनी, मी आणि ताई. त्यांच्या टेबलावर ताईंची फाइल उघडी होती. कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीसाठी आलेला.

"तक्ता रिकामा झालेला नाही," साहेब म्हणाले. "फीत लावायचं काम कोणाचं असतं?"

"ताईंचं," वहिनी म्हणाल्या. ताबडतोब. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"त्या दिवशी तुम्ही गैरहजर होता?" साहेबांनी ताईंना विचारलं.

"परळहून बाहेर पडता येत नव्हतं साहेब. संचारबंदीसारखंच होतं."

"ह्या दोघी आल्या."

"त्या गिरगावातून आल्या."

"तुमचे दीर चळवळीत आहेत म्हणे?"

दीरही गिरणीतच होते. परळच्या गिरण्यांत तेव्हा चळवळीत नसलेला माणूस शोधून काढावा लागला असता. आणि वळ मिरवणारी बाई शेजारी उभी होती, ती आता जमिनीवरची फरशी मोजत होती. साहेब माझ्याकडे वळले. "प्रोग्रॅम तुमचा. रिकामं करायच्या सूचना तुम्ही आतच का घातल्या नाहीत?"

तो एक क्षण होता. साहेबांनी दार उघडून दिलं होतं, मी नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. साहेब, जागा होती, मी घातल्या नाहीत. साहेब, फीत समोर होती, मी लावली नाही, आणि चूक होणार हे ठाऊक असून बटण दाबलं. दोन वाक्यं. माझं काय झालं असतं? माझी नोकरी कायम होती, फार तर पगारवाढ अडली असती, आणि लग्नानंतर मी नाहीतरी ती सोडणारच होते.

"जागा नव्हती," मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.   चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, फक्त इथे चोर शेजारीच उभा होता, पहिल्या वर्गात पास झालेला आणि नवी साडी नेसलेला.

साहेबांनी फाइल मिटली. साहेबांना हा सगळा प्रकार माहीत नव्हता असं कोणी समजू नये. दिवसातून आठ वेळा एकाच बाईला हाक का जाते हे त्यांच्या खोलीत ऐकू येत होतं. विलायतेतून शास्त्र शिकून आलेल्या माणसानं 'कोणाचं काम' एवढंच विचारलं आणि 'का' विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना स्वतःकडेही बघावं लागलं असतं, आणि स्टाफच्या भावना जपणं किती सोयीचं असतं ते तेव्हा मला कळलं.

ताईंना कायम केलं नाही. महिनाअखेरीला नोकरी संपली असं पत्र आलं. आणि ह्याहून हलकट गोष्ट पुढे आहे. बंधाऱ्याचं गणित पुन्हा करायचं होतं, आणि तोवर महिना संपायला चार दिवस होते. मी प्रोग्रॅम लावला, पहिला तक्ता झाला, लाल दिवा लागला, आणि वहिनींनी हाक मारली, "ताई." जिच्यावर आळ घेतला तिलाच पुन्हा बोलावलं, कारण दुसरं कोण लावणार? मला वाटलं त्या येणार नाहीत. मला वाटलं त्या फीत फाडून वहिनींच्या तोंडावर फेकतील, आणि देवाशपथ, मला बरं वाटलं असतं. त्या आल्या. फीत सरकवली, सगळी घरं रिकामी झाली का ते दिव्यांवर दोनदा तपासलं, आणि स्वतःच पुढचं बटण दाबलं. उत्तर बरोबर आलं. साहेबांनी खाली येऊन माझं अभिनंदन केलं.

त्या गेल्यावर फीत लावायला कोणीच उरलं नाही. चपराशीही तोवर गावी गेला होता. मग साहेबांनी हुकूम काढला की आता सगळ्यांनी सूचना प्रोग्रॅममध्येच घालायच्या. साहेबांचा हुकूम म्हटल्यावर दोष साहेबांना, असं वहिनींनी लगेच ठरवलं, आणि सगळ्या बिनधास्त झाल्या. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या आठ सूचना बसवल्या. अर्धा तास लागला. कोणाचा पाय मोडला नाही, कोणाचं लग्न मोडलं नाही, ऑपरेटरला धडधाकट मुलगा झाला आणि त्यानं पेढे वाटले. मी माझा पेढा खिडकीबाहेर टाकला.

लग्नाआधीच्या रविवारी मात्र मला घरात बसवेना. आई पत्रिकांवर हळद लावत होती आणि मला ते बघवत नव्हतं. मैत्रिणीकडे जाते सांगून मी परळला गेले, विचारत विचारत ताईंची चाळ शोधली. दुसरा मजला, दारात लुगडी वाळत घातलेली. दीर बाहेर गेले होते. जाऊबाई स्टोव्हला पंप मारत होत्या. ताई खिडकीपाशी बसून गावी पोस्टकार्ड लिहीत होत्या. मला पाहून त्यांना राग आला नाही की आश्चर्य वाटलं नाही. "ये," म्हणाल्या, आणि चटई सरकवली.

मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सांगितलं. फीत मी लावली नाही. चूक होणार हे मला ठाऊक होतं. अकरा घरं रिकामी होती. बोलताना मला रडू आलं, आणि स्वतःच्या रडण्याचीही मला शिसारी आली, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. "तुझा प्रोग्रॅम वाचला होता ना मी. अकरा घरं मी तेव्हाच मोजली होती."

"मी उद्या साहेबांना जाऊन सांगते," मी म्हटलं. "सगळं सांगते. ते तुम्हाला परत घेतील. खोल्या अजून दिलेल्या नाहीत कोणाला."

"काय सांगशील?"

"की फीत मी लावली नाही."

"आणि का लावली नाहीस, ते सांगशील?"

जाऊबाईंनी पंप मारायचा थांबवला.  त्या कपाळाकडे बघून मी ते कसं म्हणणार होते? आणि उद्या साहेबांपुढे म्हणायचं, म्हणजे ते वहिनींच्या कानावर जाणार, वहिनींकडून गिरगावभर होणार, आणि वैशाखात ज्या घरी जायचं त्या घरीही पोचणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात मांडून झालं. माझा हिशेब नेहमीच चोख असतो.

ताईंनी पोस्टकार्ड बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "ते सांगणार असशील तर जा. नुसतं राहून गेलं म्हणून सांगितलंस, तर साहेब म्हणतील पोरीला दया आली. नाही जमायचं तर बस, इतक्या लांब आलीस, चहा घे."

मी बसले. जाऊबाईंनी चहा टाकला. ताईंनी पोस्टकार्डावरच्या शेवटच्या दोन ओळी पुऱ्या केल्या. कार्ड उघडंच होतं, मला वाचता येत होतं. यंदा मुलीचं नाव तिथल्याच शाळेत घाला, असं सासूबाईंना लिहिलं होतं.

चहा पिऊन मी उठले. ताईंनी कार्ड माझ्या हातात दिलं, नाक्यावर पेटी आहे म्हणाल्या, तेवढं टाकून जा. मी ते टाकलं.